फिरून आलेला शब्द

फोन वाजला तसा मनकर्णाने खराटा पोत्यांच्या थप्पीमागे सारला, पदराने तोंडावरची धूळ पुसली आणि कोऱ्या भिंतीला टेकून बसली. मलेशियातून जीवनचा व्हिडिओ कॉल होता. एकुलता एक पोरगा. आईने गुदाम झाडायचं सोडलं, आता ती घरी आरामात असते, असं त्याला वाटायचं. तिनेच तसं सांगितलं होतं. कंबर तर पार कामातून गेली होती. पण पोराचा पैसा पोराच्या लग्नाला राहू दे, असा तिचा हिशेब.

गेवराईच्या याच मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती वाहून वाहून नवरा गेला. पोराच्या पाठीवर पोतं पडू द्यायचं नाही, हा तिचा हट्ट. म्हणून तर शिकवलं, परदेशी धाडलं. आपला जीवन कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो, हे साऱ्या उमापूर गावाला ऐकवून झालं होतं.

तेवढ्यात जीवनच्या मागून कुणीतरी खेकसलं, "गुदांग! गुदांग!"

"गुदाम म्हणला का रं त्यो?"

जीवन गडबडला. गडबडला की भारंभार बोलायची त्याची जुनी खोड. "अगं, हिकडं गुदामाला गुदांगच म्हणतेत. माझ्यासंगं एक तमिळ पोरगा हाय. त्यो म्हणतो, शब्द मूळचा त्यांच्याकडचा. माल पडून ऱ्हायची जागा. जहाजातून हिकडं आला, मग गोऱ्या लोकांसंगं फिरून आपल्याकडं गेला. हाय का न्हाई गंमत?"

"लई गंमत. मान वळव बघू."

"कावून?"

"वळव म्हणते ना!"

त्याने वळवली. मानेखाली कातडी काळी, जाड पडलेली. बापाला होता तसाच घट्टा. एवढ्या वर्षांचं सगळं मुसळ केरात!

"आई, तुला सांगणारच हुतो गं..." जीवन रडवेला झाला.

ती चिडली नाही. चिडायलाही अंगात त्राण लागतं. तिने नुसता फोन फिरवला. थप्पी दाखवली, खराटा दाखवला, चाळून ठेवलेली तूर दाखवली.

"म्हंजी तू बी गुदामातच?"

"मी बी."

परदेशी गेलेला शब्दसुद्धा फिरून घरी आला म्हणे, आणि आपण पोटच्या पोराला तिकडेच राहू दिलं, याचं तिला फार वाईट वाटलं.

"पोतीच उचलायचीत, तर हितं काय पोत्यांचा दुकाळ पडलाय व्हय?" ती म्हणाली. "ये घरी. रातच्याला मानंला तेल तरी लावून दीन."