वळून बघणारा कुत्रा

"दोघांपैकी एकच," प्रशिक्षक बाई म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही कुत्र्यांचे पट्टे एकदम सोडले.

काळ्या ठिपक्यांचा डाल्मेशियन सरळ सुटला. कुंपणाच्या टोकापर्यंत गेला, वळला, तसाच भरधाव परत आला आणि पुन्हा गेला. बॉर्डर कॉलीची तऱ्हा वेगळी. तो चार ढांगा टाकायचा, थांबायचा, माणसं जागच्या जागी आहेत ना हे मागे वळून बघायचा आणि मग सगळ्यांभोवती एक मोठी फेरी मारून यायचा.

"दोघांच्याही पायाला भिंगरी आहे," बाई म्हणाल्या. "घरात बैठी माणसं असतील तर यांच्या वाटेला जाऊ नका. सोफा फाडून ठेवतील."

"आमच्याकडे सोफ्यावर बसायला वेळ कोणाला आहे?" लेक हसली.

ते खरंच होतं. लेक हँडबॉल खेळायची. आई तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. बाबांचं सायकली दुरुस्त करायचं दुकान होतं, पण दुकान उघडण्याआधी रोज उजाडताना ते नदीकाठाने पळून यायचे. घराच्या दाराशी चपला कमी आणि पळायचे बूट जास्त.

"हाच घेऊ," बाबा डाल्मेशियनकडे बोट दाखवत म्हणाले. "काय पळतोय बघा! मला जोडीदार मिळाला."

"कॉली," आई म्हणाली.

"अगं, तो मेंढरं राखणारा कुत्रा. मला हाकत हाकत घरी आणेल."

"आणू दे की."

लेकीने कपाळाला हात लावला. घरात कित्येक दिवस हेच दळण चालू होतं. आई एरवी हट्ट करणारी नव्हती. या एका बाबतीत मात्र ती अडून बसली होती.

"एकेकाला घेऊन चक्कर मारा, मग ठरवा," बाई म्हणाल्या. बाबांनी डाल्मेशियनचा पट्टा धरला. दोघं मजेत पळत निघाले आणि पत्र्याच्या शेडमागे दिसेनासे झाले.

आई बाकावरून उठली आणि शेडच्या दिशेने चालू लागली. आपण उठलोय हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

"अहो, तुम्ही कुठे निघालात? येतील ते," बाई म्हणाल्या.

आई थांबली, पण खाली बसली नाही. शेडच्या दुसऱ्या बाजूने बाबा बाहेर आले. घामाघूम आणि खुशीत. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

"ठरलं," बाबा म्हणाले. "हाच."

"नाही!" आईचा आवाज असा चढला की दोन्ही कुत्र्यांनी कान टवकारले. "हा नुसता पुढे बघून पळतो. तू मागे कोसळलास तर याला पत्ताही लागणार नाही. मला मागे वळून बघणारा कुत्रा हवाय. घरापर्यंत येऊन भुंकणारा."

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर पुन्हा पळायला लागले तेव्हा त्यांनी बजावलं होतं, मला एकट्याने जाऊ द्या, आजाऱ्यासारखं सांभाळू नका. आईने मान डोलावली होती. तो विषय पुन्हा निघाला नव्हता.

"डॉक्टर म्हणालेत ना, आता सगळं ठणठणीत आहे," लेक हळूच म्हणाली.

"डॉक्टर म्हणतात. मी डोळ्यांनी बघते," आई म्हणाली. "आधी पुलापर्यंत एका दमात जायचा. आता दिवसेंदिवस हळू होत चाललाय. पावलं ओढत जातो."

"पण तुला कसं दिसतं? तू तर तेव्हा तलावावर जातेस."

पोहण्याची पिशवी खांद्याला अडकवून आई रोज नवऱ्याच्या पाठोपाठ बाहेर पडत होती. लांब राहून, झाडांच्या आडोशाने.

बाबांनी पट्टा बाईंच्या हातात दिला. ते बाकावर बसले आणि शेजारची जागा थोपटून म्हणाले, "बस आधी. गुडघा दुखत असेल."

"मला काय धाड भरलीय?"

"उजवा गुडघा. उतारावर जास्त लंगडतेस."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुला माहीत होतं? मी मागे असते ते?"

"पहिल्या आठवड्यातच कळलं. झाडामागे मावायला तू काही इतकी बारीक नाहीस."

लेकीला हसू फुटलं. आईला नाही. "मग बोलला का नाहीस?"

"तू मागे आहेस, याचं बरं वाटायचं. एकट्याने जातो असं सांगितलं होतं खरं, पण मलाही भीती वाटायचीच की. मग तुझा गुडघा धरायला लागला. मी वळणापलीकडे गेलो की तू जिवाच्या आकांताने धावायचीस आणि आणखी लंगडायचीस. म्हणून मी हळू झालो. तुझा पाय जसजसा बिघडत गेला तसतसा आणखी हळू."

"म्हणजे... तुला दम लागत नाही?"

"दम? गोगलगायीसारखं चालून चालून माझे पाय आखडलेत. कुत्र्याचं मी तरी कशाला काढलं? माझ्याबरोबर कोणी असलं तर तू घरी थांबशील, तो गुडघा एकदाचा दाखवून घेशील."

आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलत होते. ती रडतेय की हसतेय ते लेकीला कळेना. बाबांना कळलं असावं, कारण त्यांनी समजूत घातली नाही, नुसते चिकटून बसून राहिले.

थोड्या वेळाने तिने ओढणीने डोळे पुसले आणि लांब श्वास घेतला.

"द्या हो तो ठिपक्यांचा," ती बाईंना म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "फोन खिशात ठेवायचा आणि हवं तितकं पळायचं. उद्या सकाळी मी झोपणार आहे."