चार किलो

दामिनी आपल्या लिव्हरचा तुकडा धाकट्या भावाला, गिरिधरला, देणार होती. पण तिच्या लिव्हरवर चरबी होती, म्हणून आधी चार किलो वजन उतरायला हवं होतं. "उपाशी राहू नका, हळूहळूच उतरवा," डॉक्टरांनी बजावलं. भावाचे डोळे मात्र दर आठवड्याला अधिक पिवळे दिसत. निकामी लिव्हरमुळे रक्तात साचणारं विष मेंदूपर्यंत पोचायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं, असंही डॉक्टर म्हणाले होते. घाबरून तिनं जेवण सोडलं, तेव्हा त्यानंच ताट पुढे सरकवलं. "काहून जेवून नाही राहिली वं ताई? मी थांबतो ना." ती जेवली. रोज मनीषनगरभर चालली, वेळेवर झोपली. अडीच महिन्यांनी वजनकाटा हव्या त्या आकड्यावर आला. डॉक्टरांनी शुक्रवारी ऑपरेशन ठरवलं. ती धावतच भावाकडे गेली. "गिरी, झालं गा!" खुर्चीत बसलेल्या भावानं शर्टाची बटणं वरखाली लावली होती. त्यानं तिला नमस्कार केला. "बसा ना," तो अदबीनं म्हणाला, "कोण पाहिजे तुम्हाले?"