दारातली खिडकी

“काका, दुकान बंद होतं एवढंच म्हणा. पुढचं मी बघतो,” तपासनीस पुन्हा म्हणाला. बेकरीवाला पुन्हा भट्टीकडे बघत बसला.

भट्टी गार होती. पिठाची पोती संपली होती, मळायच्या यंत्रावर जुनी चादर टाकलेली होती. सरकारी मदत मिळाली तर भट्टी पेटणार, नाही मिळाली तर महिनाअखेर किल्ली जागेच्या मालकाच्या हातात. आणि मदत कुणाला? साथीत ज्यांनी दुकान बंद ठेवलं त्यांना. ज्यांनी चालू ठेवलं त्यांचं नुकसान झालंच कुठे, असा सरळ विचार. हा नियम करणारा माणूस कधी पावासाठी कुणाच्या दारात उभा राहिला असेल, असं काही वाटत नाही.

तपासनीस पोरगेला होता, पण मनाचा चांगला. त्याला सगळं ठाऊक होतं. अख्ख्या रस्त्याला ठाऊक होतं. रस्ता बंद झाला तेव्हा बेकरीवाल्याच्या बायकोनं वेल्डरला बोलावून या लोखंडी दारात हातभर खिडकी पाडून घेतली होती. दार बंद, खिडकी चालू. दोनदा टकटक केलं की झडप खाली पडायची आणि पिठानं माखलेला हात पाव घेऊन बाहेर यायचा. ज्याच्याकडे पैसे होते त्यानं दिले, नव्हते त्याला कुणी विचारले नाहीत. इस्पितळातल्या मावश्या, रखवालदार, घरात अडकलेले एकटे म्हातारे, सगळे त्या हाताला ओळखायचे. तोंडं तर सगळ्यांचीच मास्कमागे होती, तेव्हा हातच काय तो ओळखीचा. झडपेला आतून कडी लावायची राहिलीय, असं वेल्डर म्हणाला होता. बाई म्हणाल्या, राहू द्या, बंद करायचीय कुणाला.

नवरा रोज कटकट करायचा. आणि एक दिवस त्याच खिडकीतून आजार आत आला आणि बाईंना घेऊन गेला.

“बाबा,” लेक म्हणाली, “आईला आता काय फरक पडणार आहे?”

बोलून गेली आणि तिचं तिलाच लागलं. पण ती तरी काय करणार? बाप रोज ताटावरून अर्धपोटी उठतो, हे तीच बघत होती. भट्टी पेटली तर हा माणूस जगेल, नाहीतर नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. म्हणून तर कचेरीचे उंबरे झिजवून तिनं अर्ज इथवर आणला होता.

बेकरीवाल्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. “मी तिला रोज सांगायचो, बंद कर. ऐकलं नाही तिनं. आणि आता मीच सांगू, बंद होतं म्हणून? मग ती गेली कशापायी?”

तपासनीस नखानं टेबलाची कड खरवडत राहिला. लेकीनं मात्र तोंड फिरवलं, आणि तिची पाठ हलायला लागली. ते बघितलं आणि बेकरीवाल्याचा सगळा ताठा गळून पडला. लेकीच्या रडण्यापुढे कुठल्या बापाचं चाललंय? काढा काय फोटो काढायचा तो, म्हणाला.

बंद दाराचा फोटो अर्जाला जोडायचा होता. तपासनीस आणि लेक रस्त्यावर गेले. दार लागलं, पण ती मेली झडप काही राहीना. लावली की पडायची, लावली की पडायची. शेवटी बेकरीवालाच आत थांबला, झडप हातानं ओढून धरून, अंधारात एकटा. तपासनीसानं मोबाइल वर केला.

तेवढ्यात पिशवी घेऊन एक मावशी आली. इस्पितळातली. साथ ओसरायच्या आधीच तिची दुसऱ्या गावी बदली झाली होती आणि आजच ती परत आली होती. मधलं तिला काहीच कळलेलं नव्हतं. दार लागलेलं दिसलं तशी ती जुन्या सवयीनं सरळ खिडकीपाशी गेली आणि दोनदा टकटक केलं.

“ताई, मी आलेय हो. चार द्या.”

तपासनीसानं तिला बाजूला व्हायची खूण केली, दुकान बंद आहे म्हणाला. मावशीनं त्याला वेड्यातच काढलं. माणसं पटापट जात होती तेव्हा हे बंद नव्हतं, आता कसलं बंद, असं म्हणत तिनं पुन्हा टकटक केलं. लेकीनं तिला थांबवायला हात पुढे केला.

झडप हळूहळू खाली आली. आतून हात बाहेर आला. पुरुषाचा, थकलेला, रिकामा. त्याला पिठाचा कणसुद्धा नव्हता. मावशी त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं पिशवी खाली ठेवली आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. कुणाला तिला काही सांगावं लागलं नाही.

तपासनीसाचं बोट मोबाइलवर कधीच दाबलं गेलं होतं. त्यानं फोटो बघितला.

“दुसरा काढू,” तो लेकीला म्हणाला. “यात खिडकी उघडी दिसतेय.”

“दिसू दे,” लेक म्हणाली. “हाच जोडा.”