तांबडी पानं

लालासाहेबानं ओलं गोणपाट बांधावर पसरलं आणि काडीला हात लावायच्या आधी वेलीला नमस्कार केला.

"नेमूआण्णा, लय भारी जात आणली तुमच्या पोरानं. गेल्या पौषात आमच्या वडूजकडं थंडीनं घड तडकले. आन् ही तवा पाटलिणीगत उभी!"

नेमिनाथ आण्णा हसले. त्यांची कात्री चालूच होती. बागेच्या कोपऱ्यातल्या या सहा वेली त्यांच्या थोरल्या मुलाच्या. तीन वर्षांपूर्वी अमेरिकेहून येताना त्यानं मोज्यात गुंडाळून काड्या आणल्या होत्या. लाल, बिनबियांची द्राक्षं. तिकडं बर्फातसुद्धा जगणारी. गावानं जातीला त्याचंच नाव देऊन टाकलं होतं, 'अतिशय'. कलमासाठी काडी मागायला आलेल्याला या भागात कुणी परत पाठवत नाही. गेल्या पंधरवड्यात अकरा जण काड्या घेऊन गेले होते.

आण्णांची धाकटी चंदना कापलेल्या काड्यांवरची पानं खुडत होती. वनस्पतिशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झालेली. एक पान तिनं सहज उन्हाकडे धरलं. पान तांबडं, शिरा मात्र हिरव्यागार. कडा खाली वळलेल्या. तिनं दुसरं पान पाहिलं, तिसरं पाहिलं. मग उठून सहाही वेलींची पानं पाहिली.

"आण्णा, जरा पंपाच्या खोलीकडं येता?"

खोलीच्या आडोशाला ती हळू आवाजात बोलली. "हा जातीचा रंग नाही. रोग वाटतोय, विषाणूचा. काडीतनं येतो आणि त्याला औषध नाही. घड नीट रंगत नाहीत, गोडी भरत नाही. फेब्रुवारीत आपले घड अर्धेच रंगले होते, आठवतंय?"

"पयलं पीक व्हतं ते."

"मलाही तसंच वाटलं होतं."

"नक्की हाय का?"

चंदना अडखळली. "तपासणीला पाठवल्याशिवाय नक्की म्हणता येत नाही. पण..."

"मग न्हाई नक्की."

"आण्णा, अकरा जणांची कलमं अजून फुटलेली नाहीत. आत्ता सांगितलं तर काढून टाकतील. नाहीतर वर्षभरानं किडींमार्फत त्यांच्या शेजाऱ्यांच्या बागांनाही लागेल."

आण्णांनी कात्री या हातातून त्या हातात घेतली. "ह्याला न्हाई म्हणलं की अकरा दारं फिरावी लागतील. आन् काय सांगू दारात उभा राहून? 'अतिशय' उपटून टाका म्हणू?"

बांधावरून हाक आली. "आवं नेमूआण्णा, लेकीला इचारून द्यायच्या व्हय काड्या? का वडूजचा माणूस जड जातोय?"

"आलो, आलो!" आण्णा मोठ्यानं म्हणाले.

त्यांनी आणखी वीस काड्या कापल्या. मोळी स्वतःच्या हातानं बांधली, गोणपाटावर पाणी शिंपडलं. लालासाहेबानं ती मोटारसायकलच्या टाकीवर लेकरासारखी पुढ्यात घेतली. गाडी कच्च्या रस्त्याला लागेपर्यंत आण्णा हात वर करून उभे होते.

मग ते आपल्या हिरव्या द्राक्षांच्या बागेकडे वळले. पहिल्याच रांगेशी थबकले. मागे फिरले. पंपाच्या खोलीतून जंतुनाशकाची बाटली आणली, डबड्यात ओतली आणि कात्रीची पाती त्यात बुडवली. फडक्यानं पुसली. पुन्हा बुडवली.

मोटारसायकलचा आवाज अजून ऐकू येत होता.

"कात्रीनं नाही पसरत तो, आण्णा," चंदना म्हणाली.

आण्णांनी वर पाहिलं नाही. पाती तिसऱ्यांदा बुडवली.