लाल छत्री

ऐस गिल नावाच्या डोंगराळ रेल्वेमार्गाच्या चढावर, रुळांलगतच्या कुंपणाशी आयव्हर फिल्म घ्यायला सकाळपासून कॅमेरा लावून पावसात भिजत उभा होता. जुनं वाफेचं इंजिन धापा टाकत वळणावर आलं आणि नेमकी एक म्हातारी लाल छत्री उघडून कॅमेऱ्यासमोर आली. "ए बाई, हो बाजूला! डोळे फुटलेत का?" ती हलली नाही. इंजिनाने लांबलचक शिट्टी दिली, तरी आयव्हर शिव्या हासडतच राहिला. शेवटचा डबा गेल्यावर ती वळली. "माझ्या नवऱ्याची राख आज त्याच इंजिनाच्या भट्टीत टाकलीय. मघाचा धूर त्याचाच. फिल्म मला पाठवशील?" आयव्हर वरमला. "काकू, त्यात माझ्या शिव्याच ऐकू येतील. आवाज काढून टाकतो." "खबरदार!" ती कडाडली. "तोही असाच कॅमेरा लावून कुंपणाशी उभा राहायचा. त्याच्या प्रत्येक फिल्ममध्ये मला अशाच शिव्या आहेत. फक्त तेव्हा मी मुकाट्याने छत्री मिटून बाजूला व्हायचे."