कोरा वर्ग

डी.एड.च्या शेवटच्या सराव पाठात निशिगंधानं पहिलीच्या मुलांना आपापलं नाव लिहायला शिकवलं. मागच्या बाकावरच्या तुळसाला ते जमलं, तशी ती पाटी छातीशी धरून हसतच सुटली.

"पाठ उत्तम," परीक्षक बाई म्हणाल्या. "आता मुलांना टोप्या घाला. पुढच्या उमेदवाराला वर्ग कोरा लागतो."

टोपी घातली की मुलांच्या डोक्यातून अख्खी शाळाच पुसली जायची. टोप्या घालण्याला दहा गुण होते. निशिगंधानं सगळ्यांना टोप्या घातल्या.

टोपी काढल्यावर तुळसा उठून उभी राहिली, ती उंचीनं थेट निशिगंधाच्या खांद्याला लागली.

"वय किती गं तुझं?" निशिगंधानं दबक्या आवाजात विचारलं.

"सहा," तुळसा म्हणाली. "आज माझा शाळेचा पहिलाच दिवस आहे, बाई."