दुसरा डबा

तिचा नवरा बेपत्ता झाला आणि त्याच संध्याकाळी क्रिप्टोचे व्यवहार चालवणारं ब्लॉकचेन नेटवर्क मोठ्या अपग्रेडसाठी बंद झालं. नवऱ्याच्या कंपनीचं क्रिप्टो वॉलेट तो आणि त्याचा भागीदार, दोघांचाही अंगठा लागला तरच उघडायचं, आणि नेटवर्क पुन्हा सुरू होईपर्यंत त्यातले पैसे हलणार नव्हते.

"धीर धरा, वहिनी. अपग्रेडही होईल आणि तोही येईल," नवऱ्याचा भागीदार रोज सांगायचा. पोलिसांकडे चकराही तोच मारत होता. एकटा जीव सदाशिव, म्हणून ती त्याला जेवणाचा डबा भरून द्यायची. दुसऱ्याच दिवशी त्याने दोन मागितले. म्हणाला, टेन्शन आलं की मला भूक फार लागते.

एक डबा चाटूनपुसून परत यायचा. दुसऱ्यात कांदा तेवढा कडेला सारलेला असायचा.

"भावजी, तुम्हीही यांच्यासारखे कांदा काढायला लागलात की," ती एकदा म्हणाली. तो नुसता हसला.

अपग्रेड लांबतच गेलं. आज दुपारी तो रिकामे डबे घेऊन आला, तेव्हा ती तासाभरापूर्वी फोनवर आलेले मेसेज बघत होती. वॉलेटचे मेसेज नवऱ्याने तिच्याही फोनवर लावून ठेवले होते. अपग्रेड पूर्ण झालं होतं, आणि पाठोपाठ वॉलेट रिकामं झालं होतं.

"भावजी, दोन्ही अंगठे लागलेत," तिने फोन त्याच्यापुढे धरला. "म्हणजे हे जिवंत आहेत."

त्याने डबे ओट्यावर ठेवले.


"वहिनी, उद्यापासून एकच डबा भरा."